पियानोचे हॅमर नरम कसे करावेत, आणि सुई कधी हातात घ्यावी

पियानोचा आवाज कानाला टोचतो, हॅमर नरम करून द्या, असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो: अगदी हळू वाजवलं तरी टोचतो का? उत्तर ‘हो’ असेल तर हॅमरच्या, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या हातोडीच्या, फेल्टचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा) वरचा थर दबून कडक झालेला असण्याची शक्यता जास्त. ‘नाही, जोरात वाजवलं की मगच’ असं असेल तर हॅमरच्या खांद्यांत, म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंच्या उतारांत, खोलवर काम करावं लागतं. आणि कोणी म्हणालं की सगळ्या नाही, चार-पाच पट्ट्याच टोचतात, तर बहुतेक वेळा हॅमर नरम करायची गरजच नसते. दुखणं दुसरीकडे असतं.

ट्यूनिंग येतं पण व्हॉइसिंगला, म्हणजे हॅमरवर काम करून आवाजाचा पोत सुधारायला, हात घालायला धजत नाहीत अशा तरुण कारागिरांसाठी हे लिहितो आहे. घरी पियानो असलेल्यांनीही वाचावं, म्हणजे आपल्या वाद्यावर काय चाललंय ते त्यांना कळेल. ज्यांनी ॲक्शन, म्हणजे हॅमर हलवणारी यंत्रणा, कधी बाहेर काढलेली नाही त्यांनी पहिला हात चांगल्या पियानोवर चालवू नये. हॅमर बदललेल्या पियानोचा जुना संच कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे पडलेला असतो. तो मागून आणा आणि सुई फेल्टमध्ये कशी जाते ते त्याच्यावर शिका.

फेल्ट कडक का होतं

हॅमर म्हणजे लाकडाचा निमुळता गाभा आणि त्याच्यावर चढवलेलं लोकरीचं जाड फेल्ट. पियानोच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीपासून पुढे शंभरेक वर्षं, हॅमरवर चामडं असायचं. पॅरिसच्या पापने 1826 मध्ये फेल्टच्या हॅमरचं पेटंट घेतलं आणि पुढे हळूहळू सगळीकडे फेल्टच रूढ झालं. फेल्टची पट्टी सरस लावून साच्यात प्रचंड दाबाखाली गाभ्यावर वळवतात. त्यामुळे बाहेरचे तंतू ताणलेले राहतात आणि गाभ्याजवळचे दाबलेले. म्हणून हॅमर ही निव्वळ मऊ गादी नाही, तो स्प्रिंग आहे. तारेवर आपटून तो लगेच मागे यायला हवा. खर्जाच्या तारांवर तो काही मिलिसेकंद टेकतो, अगदी वरच्या तारांवर एक मिलिसेकंदसुद्धा नाही.

या टेकण्याच्या वेळेवर आवाजाचा पोत ठरतो. हॅमर जितका जास्त वेळ तारेवर राहील तितके वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) दबतात आणि आवाज गोल येतो. पटकन सुटला तर वरचे स्वरांश मोकळे राहतात, आवाज झगझगीत होतो. चांगल्या हॅमरची गंमत अशी की तो बाहेरून मऊ आणि आत घट्ट असतो. हळू वाजवलं की फक्त बाहेरचा भाग कामाला येतो, जोरात वाजवलं की फेल्ट दबून आतला घट्टपणा लागतो. एकाच पट्टीतून कुजबुजही निघते आणि गर्जनाही. वर्षानुवर्षं वाजवून तारांच्या खाचा पडतात, टोक चपटं होतं, बाहेरचे तंतू दबून कडक बसतात. मग हळू वाजवा नाहीतर जोरात, रंग एकच. वाजवणारा ‘आवाज टोचतो’ म्हणतो तेव्हा त्याची खरी तक्रार बहुधा हीच असते: माझ्या बोटांना काही बदलताच येत नाही.

म्हणून माझ्या मते ‘हॅमर नरम करणं’ हे या कामाचं अर्धंच वर्णन आहे. सरसकट नरम केलेला पियानो दोन दिवस गोड वाटतो आणि तिसऱ्या दिवशी बद्द. आपल्याला हळूपासून जोरापर्यंतचा चढ परत मिळवायचा असतो.

आधी खोली, मग हवा

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पियानो बहुधा दिवाणखान्यात असतो. खाली संगमरवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल, समोर काच, भिंती उघड्या. अशा खोलीत कुठलाही पियानो कर्कश वाटेल. सुईला हात लावण्याआधी पियानोखाली जाड सतरंजी किंवा गालिचा घालून पाहा, खिडकीला जाड पडदा लावा, अपराइट (उभा पियानो) भिंतीला अगदी चिकटवला असेल तर थोडा पुढे ओढा. निम्मी तक्रार इथेच मिटलेली मी पाहिली आहे, आणि त्यात फेल्टचा एक तंतूही खर्ची पडत नाही.

पावसाळ्यात व्हॉइसिंग करू नका. जून ते सप्टेंबर आपल्या किनारपट्टीवर हवा इतकी दमट असते की फेल्ट ओलावा धरतं आणि आवाज आपोआप मंदावतो. जुलैत सगळं छान लागलं म्हणून सोडून द्याल आणि डिसेंबरात तोच पियानो पुन्हा टोचायला लागेल. उलट, मे महिन्यात दिवसभर एसी चालवलेल्या खोलीत आवाज खरा आहे त्याहून कोरडा आणि टणक वाटतो. मला दिवाळीनंतरचा काळ पसंत आहे. हवा स्थिर झालेली असते, पावसाळ्यात फुगलेली लाकडं बसलेली असतात. गोव्यातल्या जुन्या घरांत खाऱ्या हवेने तारा गंजलेल्या असतात आणि फेल्टला कसर लागलेली असते. तिथे आधी फेल्ट उजेडात धरून पाहा. कसरीने कुरतडलेल्या हॅमरवर सुई चालवण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो.

सुईआधीची कामं

पियानो आधी सुरात लावा. एका पट्टीच्या तीन तारा एकमेकींशी जुळलेल्या नसतील तर तो स्वर कडक आणि वाकडा ऐकू येतो, आणि कान त्याचं खापर हॅमरवर फोडतो. बेसूर पियानोचं व्हॉइसिंग कधीच सुरू करू नका.

मग स्क्रू. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचं. पावसाळ्यात ॲक्शनचं लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि हॅमरच्या फ्लॅंजचे (त्याला धरणाऱ्या बिजागरीचे) स्क्रू ढिले पडतात. ढिल्या हॅमरचा आवाज कोरडा, टकटकीत येतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे आवळा. लाकूड जुनं असेल तर जोर लावू नका, फक्त बसल्यासारखे झाले की थांबा.

त्यानंतर रेग्युलेशन, म्हणजे पट्टी आणि हॅमरच्या हालचालीची मापं बसवणं. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जायला हवी, हॅमर तारेपासून साधारण 45 ते 47 मिलिमीटरवर असावा, आणि लेट-ऑफ, म्हणजे हॅमर जिथे सुटतो तो बिंदू, तारेपासून वरच्या सप्तकांत दीड-दोन मिलिमीटर आणि खर्जात तीनच्या आसपास. वाद्याच्या कंपनीचं स्वतःचं माप मिळालं तर तेच धरा. शेजारच्या दोन पट्ट्यांचा लेट-ऑफ वेगळा असेल तर त्यांचे हॅमर सुईने कितीही टोचले तरी त्या सारख्या बोलणार नाहीत.

हॅमर तीनही तारांवर सारखा येतो का, सरळ प्रवास करतो का, शेजाऱ्याला घासतो का, हेही इथेच पाहून घ्यायचं.

आकार देणं

खोल खाचा असतील तर आधी हॅमर कानसायला लागतो, म्हणजे पॉलिश पेपरने घासून त्याला मूळचा आकार द्यायचा. साधारण इंचभर रुंदीच्या लाकडी पट्टीवर 100 ते 150 नंबरचा पेपर चिकटवा. घासायची दिशा नेहमी खांद्याकडून टोकाकडे, दोन्ही बाजूंनी सारखी. फेल्टचे थर त्या दिशेने वळवलेले असतात. आडवं घासलं तर तंतू उपसले जातात आणि पृष्ठभाग पिंजल्यासारखा होतो. टोकाच्या किंचित आधी हात थांबवा. टोकावरचं शेवटचं काम 220, मग 320-400च्या बारीक पट्टीने, हलक्या हाताने. हॅमर समोरून पाहिला तर कडा काटकोनात आणि बाजूने पाहिला तर आकार अंड्याचा दिसायला हवा. वरच्या सप्तकांतले हॅमर जास्त टोकदार असतात, ते तसेच ठेवा.

खाच पूर्ण जाईपर्यंत घासण्याचा हट्ट धरू नका. तिची खूण पुसट राहिली तरी चालतं. सगळ्यात वरच्या सप्तकात फेल्ट इतकं पातळ असतं की पेपरचे चार फटके जास्त पडले तर गाभ्याचं लाकूड दिसायला लागतं. तिथे मी 400पेक्षा भरड पेपर वापरतच नाही. खाचा काढल्यावर लाकडावर फारसं फेल्ट उरणार नसेल तर मालकाला स्पष्ट सांगा की आता नवीन हॅमर घ्यायची वेळ आली आहे.

घासताना मास्क लावा आणि व्हॅक्यूम क्लीनर शेजारी चालू ठेवा. ही लोकरीची धूळ छातीत जाते, शिवाय जुन्या फेल्टला कसरीपासून वाचवायला कोणी काय मारलं असेल ते कळायला मार्ग नसतो.

घासल्यानंतर हॅमर थोडा आखूड झालेला असतो, त्यामुळे लेट-ऑफ परत तपासा.

हॅमर आणि तारांची गाठ

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून इथे थोडा थांबतो.

तीन तारांची पट्टी घ्या. हॅमर तिन्ही तारांना एकाच क्षणी लागायला हवा. एक तार किंचित मागे असेल तर हॅमर आधी दोघींना भिडतो, तिसरीला उशिरा किंवा अर्धवट. तो स्वर नाकातून आल्यासारखा, बारीक झणझण घेऊन येतो. तपासायची रीत सोपी आहे. उजवा पेडल दाबून डॅम्पर (तारा दाबून मुक्या ठेवणाऱ्या गाद्या) उचला, हॅमर हाताने हलकेच तारांवर टेकवून धरा आणि नखाने एकेक तार छेडा. हॅमर टेकलेली तार मुकी राहते. जी वाजते, तिच्यापर्यंत हॅमर पोचलेला नाही.

दादरच्या एका घरी जपानहून आलेला वापरलेला अपराइट होता. मुलगी परीक्षेची तयारी करत होती आणि तिची आई म्हणत होती की मधल्या भागातल्या काही पट्ट्या अंगावर येतात, त्या नरम करून द्या. सगळ्यात वाईट होती 52 नंबरची, म्हणजे मध्य साच्या (मिडल सीच्या) वरचा सा. डावीकडून मोजत गेलात तर 88 पट्ट्यांत मधला सा 40वा येतो. पट्टी वाजवली की आघातानंतर एक पातळ किणकिण मागे राहायची, हळू वाजवलं तरी. हॅमर टेकवून छेडलं तर डावी मुकी, उजवी मुकी, मधली स्वच्छ वाजली. बारीक लेव्हल ठेवून पाहिलं तर मधली तार बाकीच्या दोघींपेक्षा नखाएवढी मागे. तारेच्या आकड्याने वरच्या टेकूजवळ तिला हलकेच पुढे ओढलं, सूर उतरला होता तो चढवला, परत टेकवून छेडलं. तिन्ही मुक्या. ‘काकू, आता तुम्हीच वाजवा,’ म्हटलं. त्यांनी वाजवली, मुलीने वाजवली, शेजारच्या पट्ट्यांशी जुळवून पाहिली. त्या पट्टीला सुई लावावी लागलीच नाही.

तारा एका पातळीत आणल्यावरही एखादी वाजत असेल तर मग हॅमरचं टोक बघा. जी बाजू आधी टेकते तिथून बारीक पेपरचे एक-दोन फटके. ग्रॅंडमध्ये (आडव्या पियानोत) हॅमर खालून येतो, म्हणून तिथे खाली उतरलेली तार वर उचलायची असते. आकड्याचा जोर बेताचा ठेवा, जुन्या गंजक्या तारा तुटतात.

सुई

आता सुई. हत्यार साधं असतं: लाकडी मूठ आणि पुढच्या चापात एक ते चार सुया. मी बहुतेक वेळा तीन वापरतो. शिवणकामाच्या 6 नंबरच्या साध्या सुया चालतात. दाभण नको, त्याचं भोक मोठं पडतं आणि तंतू तुटतात. मधल्या आणि खर्जाच्या हॅमरच्या खांद्यांसाठी सुया 8 ते 10 मिलिमीटर बाहेर ठेवा, वरच्या सप्तकांसाठी त्याच्या निम्म्या. पृष्ठभागाच्या कामासाठी वेगळी मूठ, तिच्यात सुई फक्त एक-दोन मिलिमीटर बाहेर. सुई तुटून फेल्टमध्ये राहिली तर पक्कडीने ताबडतोब काढा.

हॅमरकडे बाजूने पाहा आणि घड्याळाची तबकडी कल्पा. तारेला लागणारं टोक म्हणजे 12. साडेअकरा ते साडेबारा या पट्ट्यात खोल सुई कधीही घालायची नाही. तिथला ताण एकदा मोडला की आवाजाचा गाभाच जातो आणि तो परत आणायचा खात्रीचा उपाय नाही. खोल काम करायचं ते साडेनऊ ते अकरा आणि पलीकडच्या बाजूला एक ते अडीच. सुईचा रोख हॅमरच्या मध्याकडे, पृष्ठभागाला काटकोनात. दोन्ही बाजूंना सारखे टोचे.

जोरात वाजवल्यावर आवाज फाटत असेल तर खालच्या खांद्यात, साडेनऊ-दहा आणि दोन-अडीचच्या भागात काम करा. मध्यम जोराला कडकपणा असेल तर थोडं वर, अकरा आणि एकच्या दिशेने. फक्त हळू वाजवताना आघात टोचत असेल तरच टोकाजवळ, आखूड सुईने, वरवर. क्रम नेहमी खालून वर. खांदे मोकळे झाले की टोकालाही थोडी लवचीकता येते, आणि पुष्कळदा टोकाकडे जायची गरजच पडत नाही.

टोचताना हॅमरला खालून लाकडाच्या ठोकळ्याचा किंवा मागून हाताचा आधार हवाच. नाहीतर सगळा जोर शॅंकवर (हॅमरच्या दांडीवर) आणि ती ज्या बारीक पिनेवर फिरते तिच्यावर येतो, पिन ढिली होते आणि हॅमर डुलायला लागतो. ग्रॅंडची ॲक्शन सरकवून बाहेर काढताना एकही पट्टी दाबली जाऊ देऊ नका. वर आलेला हॅमर आडव्या लाकडाला अडकून शॅंक मोडते.

सुरुवातीला प्रत्येक खांद्याला तीन ते पाच टोचे, बस. आणि लगेच सगळ्या 88 हॅमरना नाही. मी प्रत्येक सप्तकातल्या दोन पट्ट्या निवडतो, त्या मनासारख्या लावतो, आणि मग त्यांच्यामधल्या पट्ट्या त्यांच्याशी जुळवत जातो. या दोन-दोन पट्ट्यांवरून फेल्टचा स्वभावही कळतो. काही फेल्टमध्ये सुई सहज शिरते आणि दोन टोच्यांत फरक पडतो, काहींत सुई वाकते पण आत जात नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडी थोडीशी घासतात, तार चढवतात, ऐकतात आणि मगच पुढचा हात फिरवतात. व्हॉइसिंगची चाल अगदी तीच आहे. दर चार टोच्यांनंतर ऐका.

ऐकायचं कसं, ते माझ्या वस्तादांनी लावलेल्या सवयीप्रमाणे सांगतो. प्रत्येक पट्टी तीन जोरांनी वाजवायची: कुजबुज, बोलणं, हाक. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत फक्त कुजबुज, मग परत पहिल्यापासून फक्त बोलणं, मग फक्त हाक. तिन्ही एका पट्टीवर एकदम तपासू नका, कान गोंधळतो. वहीत पट्टीचा नंबर आणि कुठल्या जोराला खटकली ते लिहा. अपराइटमध्ये हे लिहिणं फारच गरजेचं, कारण ॲक्शन काढून टेबलावर ठेवल्यावर काय ऐकलं होतं ते आठवत नाही. थोडा वेळ वाजवणाऱ्याच्या जागी बसून ऐका, थोडा वेळ खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगा. कान थकले की काम बंद. थकलेल्या कानाला सगळंच कडक वाटतं आणि हात सुटतो.

साध्या तारा संपून तांब्याच्या वेटोळ्याच्या तारा सुरू होतात तो सांधा सगळ्यात अवघड. तिथे आवाजाचा रंग एकदम बदलतो. हा फरक पूर्ण मिटत नाही, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा पट्ट्यांवर हलकं काम करून उतार सौम्य करता येतो. या भागाला मी इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ देतो, कारण सुरावट डाव्या हातातून वर चढताना इथेच अडखळते.

ग्रॅंडचा डावा पेडल दाबला की सगळी ॲक्शन बाजूला सरकते आणि तारा खाचांच्या मधल्या, न दबलेल्या फेल्टवर पडतात. पेडल दाबूनही आवाजाचा रंग बदलत नसेल तर खाचांच्या मधोमध आखूड सुईने अगदी वरवर टोचा. अपराइटमध्ये डावा पेडल हॅमर फक्त तारांजवळ आणतो, तिथे हे लागू नाही.

वाफ, पाणी आणि बाकीचे उपाय

सुई वाकावी इतकं फेल्ट दगड झालं असेल तर वाफेचा उपाय आहे. सुती कापडाची पट्टी ओली करून घट्ट पिळा, हॅमरच्या खांद्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफ आत जाते, दबलेले तंतू सैल होतात. पूर्ण वाळायला एक दिवस द्या आणि मगच ऐका. पहिला प्रयोग खर्जातल्या एखाद्या हॅमरवर करा, कारण वाफ जास्त झाली तर सरस सुटू शकतो आणि हॅमर फुगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान मिसळून खांद्यावर काही थेंब सोडण्याची रीतही आहे. पाण्याने फेल्ट फुगतं, अल्कोहोलमुळे ते मिश्रण आत शिरतं आणि लवकर वाळतं. वरच्या दोन सप्तकांत मी यातलं काहीच करत नाही.

पक्कडीने खांदा दोन्ही बाजूंनी दाबूनही कडक फेल्ट सैल करतात. टोकापासून लांब राहिलात तर हा उपाय चांगला आहे, विशेषतः खर्जाच्या जाड हॅमरना.

कपड्यांचं सॉफ्टनर पाण्यात मिसळून लावणारे लोक आहेत. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. ते फेल्टमध्ये कायमचं राहतं, आपल्या दमट हवेत ओलावा धरतं, आणि पुढे कोणाला सुईने काम करायचं झालं तर फेल्ट सरळ उत्तर देत नाही.

हॅमर कुठल्या घराण्याचा आहे तेही पाहा. जर्मनीत रेनर किंवा आबेलकडे बनणारे आणि जपानी पियानोंमध्ये बसवलेले हॅमर दाबून घट्ट केलेले असतात आणि सुईने खाली आणायचे असतात. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेची परंपरा उलटी: हॅमर मऊ बनवायचा आणि लॅकर पाजून हवा तेवढा कडक करायचा. हॅम्बुर्गच्या स्टाइनवेमध्ये पुन्हा घट्ट हॅमर आणि सुई. लॅकर पाजलेल्या हॅमरमध्ये सुई शिरताना करकर ऐकू येते. तिथे खोल टोच्यांनी फेल्ट तडकतं, म्हणून हलका हात आणि थोडे टोचे. कोणी आधीच्या दुरुस्तीत लॅकर जास्त ओतून ठेवलं असेल तर मी नवीन हॅमर सुचवतो.

किती नरम हे वाद्य कुठे वाजणार त्यावरही ठरतं. नरिमन पॉइंटच्या टाटा थिएटरसारख्या सुमारे हजार आसनांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज घरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोसत नाही. आणि घरात गोड वाटणारा पियानो सभागृहात मुका पडतो. मालकाने सभागृहात ऐकलेल्या आवाजाचा आग्रह धरला तर हे त्याला वाजवून दाखवून समजावा.

हात जास्त पडला तर

एखादी पट्टी बद्द झाली, आस लगेच संपते, आवाज खोलीत पसरत नाही, तर घाबरून लॅकरची बाटली उघडू नका. आधी ती पट्टी काही मिनिटं जोरात वाजवा. वरवरचे टोचे वाजवण्याने दबतात. तेवढ्याने भागलं नाही तर बारीक पेपरने वरचा पिंजलेला थर काढा. मग गरम हॅमर-इस्त्री क्षणभर फिरवा, त्याने पृष्ठभाग घट्ट होतो. लॅकरचे पातळ थेंब हा त्यानंतरचा उपाय, तोही खांद्यावर आणि एका वेळी एकच हॅमर.

काम संपल्यावर पियानो परत सुरात लावा. तारा ओढल्या, ॲक्शन आत-बाहेर झाली, सूर थोडाफार हलतोच. मालकाला सांगा की पहिले दोन-तीन आठवडे रोज आणि सगळ्या सप्तकांत वाजवा, नुसती मधली सप्तकं नको. या काळात टोकावरची वरवरची कामं आधी उतरतात, खांद्यांतली टिकून राहतात. मग एकदा जाऊन वहीतल्या नंबरांप्रमाणे तीन जोरांची फेरी परत करायची. त्या वेळी बहुधा सात-आठ पट्ट्यांनाच हात लावावा लागतो, आणि बॅगेत आखूड सुईची मूठ, 400चा पेपर आणि तारेचा आकडा एवढं पुरतं.